कागद सरळ आला म्हणून गोळी थांबवू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या आरोग्य पानावर हृदयाच्या अनियमित ठोक्यांविषयीचा लेख वाचला. भाषा सोपी होती, आणि कर्णिकांचं फिब्रिलेशन (हृदयाचे वरचे कप्पे नीट न आवळता नुसते थरथरत राहणं) म्हणजे काय हे बऱ्याच वाचकांना त्यातून पहिल्यांदा कळलं असेल. पण त्यातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. लय परत आणायला छातीवर विजेचा शॉक दिल्यानंतर ईसीजी नॉर्मल आला की हृदय पूर्ववत काम करू लागतं, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. हे अर्धंच खरं आहे. वीज सुरळीत झाली तरी कर्णिकांचा जोर लगेच परतत नाही, आणि तोवर रक्त गोठू न देणारी गोळी थांबवायची नसते. उरलेलं अर्धं कुणी सांगितलं नाही म्हणून गेल्या ऑक्टोबरात माझ्या सख्ख्या भावाचा उजवा हात लुळा पडला. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण कृपया पूर्ण छापावं.

मी डॉक्टर नाही. एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात मी ३१ वर्षं प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. १९८४ साली लागले तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना बेडकाच्या हृदयावरचे प्रयोग असत. ड्रमवर चकचकीत कागद गुंडाळायचा, तो धुरावर धरून एकसारखा काळा करायचा, हृदयाच्या टोकाला बारीक आकडा लावायचा, त्याचा दोरा लिव्हरला बांधायचा. ड्रम फिरू लागला की लिव्हरचं टोक काजळी खरवडत जाई आणि काळ्यावर पांढरी रेघ उमटे. रेघ पक्की करायला कागद लाखेच्या वार्निशातून काढून दोरीवर वाळत घालायचे. हे प्रयोग आता बंद झाले, मुलं संगणकावर बघतात, आणि बेडकांच्या दृष्टीनं ते चांगलंच झालं. पण त्या रेघेत जे दिसायचं ते मी विसरलेले नाही. आकडा नीट लागला असेल तर प्रत्येक ठोक्याला दोन उंचवटे उठत. आधी एक छोटा, कर्णिकांचा, म्हणजे वरच्या कप्प्यांचा. लगेच पाठोपाठ मोठा, जवनिकेचा, खालच्या कप्प्याचा. (आताच्या शाळेच्या पुस्तकात अलिंद आणि निलय म्हणतात, मी माझ्या सवयीचे शब्द वापरते.) मुलं मोठा उंचवटा मोजत. छोट्याकडं कुणाचं लक्ष नसे.

हृदय तासन् तास चालू ठेवायचं ते रिंगरच्या द्रावणावर, म्हणजे ठरावीक क्षार घातलेल्या पाण्यावर. ते बनवणं माझं काम. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात साधं मीठ साडेसहा ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.१४ ग्रॅम, खाण्याचा सोडा ०.२ ग्रॅम, आणि सगळ्यात शेवटी कॅल्शियम क्लोराइड, जेमतेम ०.१२ ग्रॅम. ते शेवटीच घालायचं, नाहीतर सोड्याबरोबर द्रावण गढूळ होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका सोमवारी ही शेवटची चिमूट माझ्याकडून राहिली. प्रात्यक्षिक सुरू झालं आणि काही मिनिटांत एकेका टेबलावरची रेघ खुजी होत गेली, मग जवळपास सपाट. वीस मुलं माझ्याकडं बघत होती. सरांनी बाटली हातात घेतली, काय राहिलं ते ओळखलं, कॅल्शियमचे थेंब टाकले, आणि रेघ पुन्हा उभी राहिली. रागावले नाहीत. म्हणाले, "हृदय बंद पडलं असं वाटलं ना तुला? वीज चालूच होती. मजुरांपर्यंत निरोप पोचत नव्हता, एवढंच."

ते वाक्य मला आपल्या लेखाला उत्तर म्हणून पुरेसं वाटतं. ईसीजी ही विजेची रेघ आहे. आमच्या काजळीच्या कागदावरची रेघ ही आकुंचनाची. या दोहोंच्या मधला निरोप्या म्हणजे कॅल्शियम. द्रावणातलं कॅल्शियम काढून घेतलं तर हृदयाची वीज चालू राहते पण आकुंचन थांबतं, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच प्रयोगांत दिसलं होतं.

कॅल्शियमचं हे काम उघडकीला आलं तेही एका बाटलीतल्या चुकीनंच. लंडनच्या सिडनी रिंगर यांनी १८८२ साली लिहिलं की मिठाच्या पाण्यावर बेडकाचं हृदय छान चालतं. मग लक्षात आलं की द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, नळाच्या पाण्यात केलेलं होतं, आणि नळाच्या पाण्यात कॅल्शियम असतं. शुद्ध पाणी वापरलं तर ठोके विरत जात. १८८३ साली त्यांनी स्वतःच आधीचं म्हणणं दुरुस्त करून छापलं. ज्या प्रयोगशाळेत मी आयुष्य काढलं तिथं रोज त्यांच्या नावाची बाटली होती, त्यामुळं या माणसाविषयी मला फार आदर आहे.

बेडकाच्या हृदयातच हे इतकं ठळक का दिसलं, यालाही कारण आहे. बेडकाच्या जवनिकेच्या पेशीत कॅल्शियमचं कोठार अगदी किरकोळ असतं. प्रत्येक ठोक्याला लागणारं कॅल्शियम ती मुख्यतः बाहेरून घेते. बाहेरचं संपलं की काम संपलं. माणसाच्या जवनिकेचं तसं नाही. आपल्या पेशीत कॅल्शियम साठवणारी जाळीदार कोठारं असतात. बाहेरून थोडंसं आत आलं की ते कोठाराचं दार उघडतं आणि मोठा साठा आतूनच सुटतो, ठोक्याला लागणाऱ्या कॅल्शियमच्या साधारण सत्तर टक्के. पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असतं. ठोक्याच्या क्षणी आतलं प्रमाण दहापटीच्या आसपास वाढतं आणि लगेच खाली येतं. दर ठोक्याला. दिवसाला लाखभर वेळा.

आता वरच्या आणि खालच्या कप्प्यांतला फरक. हा मी दादाला समजावला तो त्याच्याच बागेच्या बांधावर बसून, म्हणून तसाच सांगते. दादाची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. पूर्वी पाटानं पाणी द्यायचे, आता ठिबक आहे. जवनिकेची पेशी म्हणजे ठिबकची बाग. तिचं बाहेरचं आवरणच बारीक बोगद्यांसारखं आत शिरलेलं असतं, मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढ्या अंतरा-अंतरावर एक बोगदा. वीज या बोगद्यांतून खोलवर जाते, प्रत्येक बोगद्याच्या काठाला कोठाराचं दार असतं, त्यामुळं कॅल्शियम साऱ्या पेशीत एकाच क्षणी सुटतं, जसं कॉक उघडला की प्रत्येक वेलीच्या बुडाशी थेंब पडतो. सगळे तंतू एकदम ओढतात. डाव्या जवनिकेला रक्त १२० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबानं साऱ्या अंगात ढकलायचं असतं. तिथं अर्धी पेशी आत्ता आणि अर्धी मग, असं चालत नाही.

कर्णिकेची पेशी म्हणजे पाटपाणी. तिच्यात हे बोगदे फार कमी. उंदरासारख्या लहान प्राण्यांत जवळपास नाहीतच. मेंढी, गाय, माणूस यांच्यात काही असतात, पण जवनिकेच्या मानानं विरळ. त्यामुळं कॅल्शियम आधी पेशीच्या कडेला सुटतं आणि तिथून एकेका कोठाराला जागं करत मध्याकडं सरकतं. विश्रांतीत ते मध्यापर्यंत पुरतं पोचतही नाही. आपण जिना चढलो, घाबरलो, अॅड्रेनलिन वाढलं, की ते आतवर पोचतं आणि कर्णिका जोर वाढवते. म्हणजे तिच्याकडं राखीव ताकद असते ती या न भिजलेल्या मधल्या पट्ट्यात. दादा लगेच म्हणाला, "म्हंजी पाट भरून सोडला तरच मधली सरी भिजती." त्याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

कर्णिकेचं काम घाईचंही आहे. ०.८ सेकंदाच्या एका ठोक्यात तिला ओढायला जेमतेम ०.१ सेकंद मिळतो, जवनिकेला ०.३. म्हणून कर्णिकेच्या पेशीत कॅल्शियम परत कोठारात ओढून घेणारे पंप जास्त असतात आणि त्या पंपांना आवर घालणारं फॉस्फोलॅम्बन हे प्रथिन कमी. चटकन ओढायचं, चटकन सैल व्हायचं. त्या एका छोट्या ओढीनं जवनिकेत शेवटचं वीस-तीस टक्के रक्त भरलं जातं. तरुण माणसाला बसल्या जागी ते नसलं तरी जाणवत नाही. जवनिका वयानं ताठर झाली असेल तर चार पायऱ्यांत दम लागतो.

फिब्रिलेशनमध्ये कर्णिकांना मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे विजेचे झटके बसतात. प्रत्येक झटक्याला कॅल्शियम आत येऊ लागलं तर पेशी त्यातच मरेल. म्हणून ती स्वतःला वाचवते: कॅल्शियम आत घेणाऱ्या वाटाच कमी करते. पेशी तगते, पण ओढ मरते. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी १९९५ साली बकऱ्यांवर दाखवलं की फिब्रिलेशन जितकं जास्त काळ चालू ठेवावं तितकं ते अधिक टिकाऊ होतं. त्याच्या मुळाशी पेशीतले असेच बदल आहेत. आणि शॉक देऊन लय परत आणली तरी बंद केलेल्या त्या वाटा त्याच क्षणी उघडत नाहीत. वीज सुरळीत, ईसीजीवर पी लहर, म्हणजे कर्णिकांच्या विजेची खूण, स्वच्छ, आणि कर्णिका मात्र बधिर. फिब्रिलेशन दोन आठवड्यांहून कमी काळ असेल तर ही बधिरता एक-दोन दिवसांत जाते. दोन ते सहा आठवडे असेल तर आठवडाभर. त्याहून जुनं असेल तर महिनासुद्धा लागतो. त्या काळात डाव्या कर्णिकेच्या कोपऱ्यातल्या पिशवीत, कानाच्या पाळीएवढ्या त्या खोबणीत, रक्त साचून राहतं. तिथं गुठळी धरते. कर्णिकेत पुन्हा जोर आला की ती सुटते, आणि सुटली की बऱ्याचदा मेंदूत जाते.

दादाचं असंच झालं. वय ६८, रक्तदाब आहे. उन्हाळ्यापासून धडधड होती, पण छाटणी, फवारणी, पाऊस यात दवाखाना मागं पडला. सप्टेंबरात शहरातल्या एका रुग्णालयात शॉक दिला, लय परत आली, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. रक्त गोठू न देणारी गोळी दिवसातून दोनदा, असं कार्डावर लिहिलेलं होतं, इंग्रजीत. किती दिवस, ते लिहिलेलं नव्हतं. बाराव्या दिवशी गावातल्या एका ओळखीच्या माणसानं, जो औषधांच्या दुकानात काम करतो, ईसीजीचा कागद बघून सांगितलं की आता सगळं नॉर्मल आहे, ही गोळी उगाच घेऊ नका, कात्री लागली तर रक्त थांबणार नाही. दादाला पटलं. फोनवर मला म्हणाला, "कागद सरळ आलाय, मग गोळी कशाला?" आणि मी, ३१ वर्षं दोन वेगळ्या रेघा बघितलेली बाई, म्हणाले की डॉक्टरांना विचार हं. एवढंच म्हणाले. त्याच दिवशी विचार, असं म्हणाले नाही. गोळी चालू ठेव, असंही म्हणाले नाही.

एकविसाव्या दिवशी सकाळी बागेत फळछाटणी चालू असताना त्याच्या हातून कात्री पडली. उचलायला वाकला आणि पुन्हा पडली. वहिनींनी काय झालं विचारलं तर शब्द जड येत होते. पुतण्यानं वेळ घालवला नाही, गाडी काढली आणि थेट शहर गाठलं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं. दादा दीड तासात पोचला होता. बोलणं आठवड्यात परतलं. उजव्या हाताची दोन बोटं अजून कात्रीवर नीट बसत नाहीत.

नंतर मी त्याची फाईल पहिल्यापासून वाचली. पहिल्यांदा घरी सोडताना इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केलेला होता. त्यातल्या डॉपलरच्या, म्हणजे रक्ताचा वेग दाखवणाऱ्या, आलेखात जवनिका भरताना दोन लहरी दिसतात: पहिली आपोआप भरण्याची, दुसरी कर्णिकेच्या ओढीची, तिला 'ए' म्हणतात. अहवालात स्वच्छ लिहिलेलं होतं की लय नियमित आहे, पण 'ए' लहर अतिशय लहान. म्हणजे तो छोटा उंचवटा उठतच नव्हता. ज्यानं इको केला त्यानं आपलं काम चोख केलं होतं. ते वाक्य रुग्णाला समजेल अशा मराठीत कुणी सांगितलं नाही, आणि मीही तो कागद त्या वेळी मागून घेतला नाही.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. एक आपल्याकडं: आरोग्य पानावर कृपया चौकट छापा की शॉकनंतर लय परत आली तरी गुठळी रोखणारी गोळी किमान चार आठवडे चालू ठेवायची असते, आणि वय, रक्तदाब, मधुमेह, आधी झालेला पक्षाघात हे बघून अनेकांना ती पुढंही घ्यावी लागते; थांबवायची की नाही हे ईसीजी बघून शेजाऱ्यानं नव्हे, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं. फिब्रिलेशनमुळं पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, हा आकडाही त्यात घालावा. दुसरी मागणी रुग्णालयांकडं: घरी पाठवताना कार्डावर गोळीची मुदत मराठीत लिहा. चार शब्द पुरतात.

जाता जाता आणखी एक, कारण हे मी रोज ऐकते. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन घेणाऱ्या बायका 'कॅल्शियम ब्लॉकर' हे नाव ऐकून घाबरतात की हाडं ठिसूळ होतील. आमच्या वहिनींनी याच भीतीनं दोन महिने ती एक दिवसाआड घेतली. ही गोळी हाडांतलं कॅल्शियम काढत नाही. रक्तवाहिन्यांच्या स्नायूपेशीत कॅल्शियम शिरण्याची वाट ती थोडी अरुंद करते, वाहिनी सैल होते, दाब उतरतो, एवढंच. उलट, कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन हृदयाचा जोर वाढत नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर ठरावीक पट्ट्यातच राखतं. याच जातीची वेरापामिल मात्र हृदयावरच जास्त काम करते, आणि तान्ह्या बाळांना शिरेतून ती देणं डॉक्टर टाळतात. नवजात बाळाच्या हृदयपेशीत ते बोगदे अजून खोदले गेलेले नसतात, कोठारंही कच्ची असतात. त्याचं हृदय बेडकासारखंच बरंचसं बाहेरच्या कॅल्शियमवर चालतं. ही गोष्ट मी सरांकडून ऐकली तेव्हा माझी मुलगी दोन महिन्यांची होती, आणि त्या रात्री मी तिच्या छातीवर हात ठेवून बराच वेळ जागी होते.

डिसेंबरात दादाचा पुन्हा इको झाला. यावेळी मी सोबत होते. खोलीत अंधार, दादा डाव्या कुशीवर, पडद्यावर लहरी एकामागून एक सरकत होत्या. मी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी चित्र थांबवलं आणि पेनानं दाखवलं. मोठी लहर, आणि तिच्या शेजारी दुसरी, अजून बुटकी, पण चांगली वर आलेली. काजळीच्या कागदावर ती आधी यायची, इथं दुसऱ्या जागी आली, पण ओळखीचीच. दादानं मान वळवून विचारलं, "हीच का ती, मधली सरी भिजवणारी?" डॉक्टरांना काही कळलं नाही. बाहेर आल्यावर त्यानं खिशातून दुपारी जेवताना राहिलेली गोळी काढली आणि माझ्याकडं पाण्याची बाटली मागितली.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे)